लाल मेणाचं काडतूस

पुनाच्या बायकोकडे निरोप धाडायला पितांबर पाटलाला लाज वाटली नाही, यात गावाला काही नवल नव्हतं. नवल वाटलं ते तानुबाईनं त्याची काडतुसं भरायचं काम घेतलं याचं. नवऱ्याला जाऊन वर्षसुद्धा उलटलं नव्हतं, आणि तो कसा गेला हे शिरपूरपासून सातपुड्यातल्या शेवटच्या पाड्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. कागदावर सांबरानं शिंग मारल्याचं लिहिलं होतं. कागद लिहिणारा पाटीलच, आणि अंगठे उठवणारेही त्याच्याच वावरात राबणारे. मग दुसरं काय लिहिलं जाणार?

खरं घडलं ते असं. शिकारीचा हाकारा चालू असताना एक गाभण हरणी पाटलाच्या टप्प्यात आली. पुना उठून मध्ये उभा राहिला आणि हात उडवून त्यानं तिला पळवून लावली. गाभणीवर बार टाकायचा नाही, हा त्याच्या घराण्याचा नेम. पाटलानं शांतपणे रायफलीच्या नळीमागचा लोखंडी बोल्ट मागं ओढला, पुढं सारला आणि हरणी उभी होती त्या जागी उभ्या असलेल्या पुनाच्या पोटात गोळी घातली. पुनाचा धाकटा भाऊ छगन हाकाऱ्यातच होता. बाहेर आलेली आतडी हातानं आत ढकलत त्यानं भावाला गाडीत घातलं. पुना वाटभर पाणी मागत होता. गाडीवान पाटलाचा माणूस, त्यानं नदीवर गाडी थांबवली नाही.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट तानुबाई कोणाला सांगत नसे. ती गोळी तिनंच ओतलेली होती.

लढाई सुरू झाल्यापासून धुळ्याच्या दुकानात काडतुसं मिळेनाशी झाली, तेव्हापासून पाटलाची शिकार या घराच्या जिवावर चालली होती. रायफल जुनी, कोण्या साहेबानं जाताना पाटलाच्या बापाला दिलेली. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुना वेचून आणायचा. तानुबाई त्या राखेनं घासायची, चुलीवर शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओतायची. पुना बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायचा, दारू मापून घालायचा, वर गोळी दाबायचा, आणि सांध्याला मेण ती लावायची. काम करताना तो सारखा बजावायचा की ही बिनधुराची दारू आहे, ठासणीच्या बंदुकीतल्या काळ्या दारूसारखी गळ्यापर्यंत भरलीस तर बंदूक फुटेल, बोल्ट उलटा मागं येईल आणि जो मागं असेल त्याला घेऊन जाईल.

पुना गेल्यावर पाटलानं स्वतः भरून पाहिलं. दोन फुसके निघाले आणि हातातलं सांबर गेलं. तेव्हा कुठं त्याला तानुबाईची आठवण झाली.

तिनं एक सोडून बाकी सगळी काडतुसं गळ्यापर्यंत भरली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला भाकरी गोड लागली. पाटील मेला पाहिजे, तोंड फुटून मेला पाहिजे, एवढंच तिला हवं होतं.

अडचण एकच होती. जो काडतुसं भरील, त्याच्या घरातल्या पुरुषानं नव्या भरतीतला पहिला बार मालकासमोर काढून दाखवायचा, ही जुनी रीत. भरणाऱ्याला हयगय सुचू नये म्हणून. घरात पुरुष आता छगन एकटाच. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तो नाक पुसायला तिचाच पदर धरायचा. म्हणून तिनं एक काडतूस बरोबर मापानं भरलं, आणि ओळख पटावी म्हणून त्याच्या मेणात कुंकू कालवलं. तिला त्या कुंकवाचा आता काय उपयोग होता? छगनला तिनं एवढंच सांगितलं की लाल मेणाचं घ्यायचं, दुसऱ्याला हात लावायचा नाही.

सकाळी पाटलाच्या खळ्यामागं बांधावर नेमासाठी मडकं ठेवलं. छगननं पिशवीत हात घालून बरोबर लाल काढलं. पाटील पाहत होता.

"हाई एकलंच लाल काबर शे?"

"मेण सरी गयं व्हतं, आबा," तानुबाई पदराआडून म्हणाली. "उरेल कुकू टाकं त्यामा."

पाटील लबाड होता, पण मूर्ख नव्हता. एकच वेगळं आहे आणि नेमकं तेच यानं उचललं, हे त्याच्या डोळ्यांतून सुटलं नाही. त्यानं ते स्वतःच्या खिशात टाकलं, पिशवीतून दुसरं काढून रायफलीत सारलं, बोल्ट बंद केला आणि रायफल छगनच्या हातात दिली. छगननं वहिनीकडे पाहिलं आणि दस्ता खांद्याला लावला.

तानुबाईनं केलेली खूण तिच्याच मुळावर आली होती. खरं सांगावं तर दोघांनाही इथंच गाडतील, आणि गप्प राहावं तर या घरातला दुसराही जाईल. ती पुढं झाली आणि तिनं रायफलीची नळी धरली.

"भरेल मी शे. पहिला बार बी मीच काढसू."

पाटलाचे गडी हसले. पाटीलही हसला. बाई बंदूक उडवते ही गंमत त्याला हवीच होती. आपणहून पुढं होऊन बंदूक मागते म्हणजे काडतुसात खोट नाही, असंही त्याला वाटलं असेल. तिनं रायफल खांद्याला लावलीच नाही. अंगापासून लांब, कमरेच्या बाजूला धरली, नळी भलतीकडेच. पाटील हसत हसत तिच्या मागं आला, गुडघ्यांत वाकला आणि नेम पाहायला त्यानं डोळा बोल्टाच्या रेषेत आणला.

"नेम तरी धर, बाई."

तिनं मान वळवून एकदा त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग चाप ओढला.

आवाज बाराचा नव्हता, काहीतरी फाटल्याचा होता. तानुबाई बांधाकडे फेकली गेली. तिच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली होती, दंडात पितळेचे तुकडे रुतले होते. मडकं होतं तसं होतं. पाटील उताणा पडला होता. बोल्ट डोळ्यातून शिरून कवटीत अडकला होता, आणि पाय अजून माती खरवडत होते. गडी पळाले. पाय थांबायला बराच वेळ लागला, आणि तो सगळा वेळ तानुबाई बसून पाहत राहिली.

पंचांनी बंदूक जुनी होती, फुटली, असं लिहिलं. या गावात पहिल्यांदा कागदावर खरं उतरलं, अर्धं का होईना.

पण ते नंतर. त्या वेळी खळ्यामागं दोघंच होते. छगन तिच्या हाताला फेटा गुंडाळत होता. पाटलाच्या खिशातून लाल मेणाचं काडतूस घरंगळून मातीत पडलं होतं. त्यानं ते उचललं, पिशवीतल्या बाकीच्यांकडे पाहिलं आणि वहिनीला विचारलं की हे एकच लाल कशाला केलं होतं.

"ते चांगलं शे," तानुबाई म्हणाली. "ते तुनं व्हतं."