सासूचा खोकला

लग्न होऊन मी बंगालातल्या फुलिया गावी आले त्याला बावीस वर्षं झाली, आणि ही बावीस वर्षं मी सासूच्या खोकल्याच्या धाकात माग चालवला.

सकाळी आमचे हे, म्हणजे सुबल, सूत आणायला आणि साड्या द्यायला हाटात जायचे. त्यांचा माग रिकामा राहू नये म्हणून त्यावर मी बसायचे. मध्ये बांबूच्या तट्ट्याची भिंत, पलीकडे देवघर, आणि देवघरात आमची मा, म्हणजे माझी सासू क्षीरोदा, जपाला बसलेली. सूत तुटून माग थांबला की भिंतीपलीकडून खोकला यायचा. कोरडा, एकच. मी गाठ मारून पुन्हा धोटा सोडला की गप्प. मी आळीभर सांगत फिरायचे की आमच्या माचा एक डोळा देवावर आणि दुसरा सुनेच्या मजुरीवर असतो. वर तिचं ठरलेलं बोलणं होतंच: "तुझा हात जड गं, बौमा. फणी किती आपटतेस. तुझे सासरे विणायचे तर शेजारच्या खोलीत कळायचं नाही." सुनेला बौमा म्हणताना आमच्याकडे आवाजात थोडी माया असते. तिच्या आवाजात ती मला कधी सापडली नाही.

पण खरं ते सांगायलाच हवं. असा जप मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही. पुराचं पाणी अंगणात आलं त्या सकाळी ती खाटेवर पाय घेऊन जपाला बसली. सासरे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी बसली. माळ घेऊन हरिनाम ती दिवसभर घ्यायची, भाजी चिरतानासुद्धा; ते तर आम्ही सगळेच घेतो. सकाळचं ते वेगळं होतं. ते बोटांच्या पेरांवर, ओठ हलतात न हलतात असं. तो मंत्र तिला तरुणपणी कालन्याच्या गोसाईंनी, म्हणजे तिच्या गुरूंनी, कानात दिला होता. त्यानंतर तो तिनं ना नवऱ्याला सांगितला ना मुलाला. नवी नवरी असताना मी चौकशी केली होती. ती म्हणाली, "अंगावरचं लुगडं माग, देईन. ते मागू नकोस." आणि तो जप पुरा होईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घालायचा नाही, हा तिचा नेम. उन्हाळा असो की ताप असो, नेमापुढे आम्ही सगळ्यांनी केव्हाच हात टेकले होते.

कालीपूजेनंतर तिच्या मेंदूला झटका आला. दवाखान्यातून परत आणली तेव्हा डावं अंग ढिलं पडलं होतं आणि बोलणं सावकाश झालं होतं, पण आठवण शाबूत. इतकी शाबूत की माझ्या लग्नात माझ्या बापानं पायेश, म्हणजे तांदळाची खीर, पातळ वाढला होता, तेही तिनं गाडीतच काढलं. माझा जिवात जीव आला. म्हटलं, म्हातारी बरी होणार.

दुसऱ्या सकाळी मी तिला अंघोळ घालून देवघरात बसवली. अंगठा पेरावर ठेवून ती बसली ती कितीतरी वेळ बसली. मग तिनं मला हाक मारली.

"बौमा, गेला गं."

मला वाटलं आळीतलं कोणी गेलं. कोण, म्हणून विचारलं.

"माझा मंत्र," ती म्हणाली.

येईल, दमली आहेस, असं मी म्हणाले. नाही आला. आणि जप झाला नाही म्हणजे नेमाप्रमाणे पाणीही नाही. औषध म्हणजे अन्न नव्हे, असं कसंबसं पटवून चमचाभर तुळशीच्या पाण्याबरोबर गोळ्या तेवढ्या गिळवल्या. बाकी काही नाही. शेजारणींनी सांगून पाहिलं की देवाचं कुठलंही नाव घे, देव काय नावं मोजतो का. ती म्हणाली, ते सगळ्यांचं आहे, हे माझं आहे. सुबल म्हणाले, नवा गुरू बघू, नवा मंत्र घेऊ. तेव्हा तिनं मुलाकडे असं पाहिलं की मला त्यांची कीव आली.

"मी मेले की दुसरी आई आणशील का रे?"

दुसऱ्या दिवशीही ती तशीच बसली आणि तशीच उठली. ओठांना भेगा पडल्या. डॉक्टर आले, नाडी पाहिली, आणि सुबलना अंगणात नेऊन सांगून गेले की उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर पुन्हा सलाईन लावावं लागेल, आणि पुन्हा दवाखाना हे अंग सोसेल असं त्यांना वाटत नाही. मी दाराआड उभी राहून ऐकलं. जिच्या खोकल्याला मी बावीस वर्षं शिव्या घातल्या, ती उद्या असेल की नसेल, तेच मला कळेना.

घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. मा घरी आली त्या दिवसापासून सुबलनी माग बंद ठेवला होता. पलीकडच्या हाराधनकाकांनीही आपण होऊन त्यांचा बंद केला. विणकर दुसरं काय करणार? कोणाच्या जिवावर बेतलं की आम्ही माग थांबवतो. त्यापरती माया आम्हाला दाखवता येत नाही.

गोसाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या गादीवर आता त्यांची बायको बसते. तिला सगळे गुरुमा म्हणतात. सुबल नदी ओलांडून कालन्याला गेले आणि संध्याकाळच्या होडीनं तिला घेऊन आले. ऐंशीच्या पुढची, अंगानं भरलेली, तोंडात पान, टोटोतून, म्हणजे बॅटरीच्या रिक्षातून, उतरताना ड्रायव्हरलाच म्हणाली, धर मला नीट, पडले तर तुझी गाडी मोडेल. मी पाया पडले तर विचारते, जेवायला काय आहे. मूगडाळ, पडवळ आणि चालता नावाच्या आंबट फळाची चटणी म्हटल्यावर पाटावर बसली आणि उपाशी माणसाच्या देखत दोनदा भात मागून घेतला. मला राग आला. मा मात्र खाटेवरून तिच्याकडे बघत होती आणि आजारपणात पहिल्यांदा हसत होती.

हात धुऊन गुरुमा तिच्या उशाशी बसली. मंत्राचं अवाक्षर काढलं नाही. कुठे बसतेस, तोंड कुठल्या दिशेला, उजेड कुठून येतो, अंगठा आधी कुठल्या पेरावर, एवढंच विचारत राहिली. सुबलना धीर धरवेना. त्यांनी हात जोडून विनवलं की तुम्हीच तो मंत्र पुन्हा द्या.

"ह्यांनी कोणाला काय दिलं ते ह्यांनी मलाही कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. "माझ्याकडचा देता येईल. तो पुन्हा पहिल्या दिवसाचा होईल. हिची वाट मळलेली आहे रे. चार दिवस गवत चढलं म्हणून मळलेली वाट बुजत नाही. मला सकाळपर्यंत राहू दे."

सकाळी मी उठले तर ती ओसरीवर बसलेली, डोळे तांबारलेले.

"डोळ्याला डोळा नाही लागला," ती म्हणाली. "ह्यांच्याबरोबर फुलियाला यायचे तेव्हा पहाटेपासून कान किटायचे. आता काय गाव ओस पडलं?"

मी सांगितलं की आजारी माला त्रास नको म्हणून माग बंद ठेवलेत. गुरुमानं तोंडातलं पान थुंकलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं, ह्यांनी तिला मंत्र दिला तेव्हा ही रडली होती. म्हणाली, घरात दोन माग, जप कुठे करू. हे म्हणाले, मागाशी भांडू नकोस. तो जातो-येतो, तूही त्याच्याबरोबर जा-ये. विणकरांच्या सगळ्या बायकांना हे तेच सांगायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा तुमचा."

सुबल धावत जाऊन मागावर बसले. मी माला अंघोळ घालून देवघरात बसवली, गुरुमा तिच्या शेजारी भिंतीला टेकली. पलीकडे माग सुरू झाला. सुबलचा हात चपळ, आळीत त्यांच्याइतकं विणणारा कोणी नाही. मानं डोळे मिटले, अंगठा पेरावर ठेवला. मी तिच्या ओठांकडे बघत राहिले. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले आणि मान हलवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पाहून माझी उरलीसुरली आशा संपली.

गुरुमा मात्र हलली नाही. तिनं मला विचारलं, "सकाळी ही बसते तेव्हा मागावर रोज हाच असतो?"

मी म्हटलं, नाही, हे हाटात जातात.

"मग कोण असतं?"

मी खाली मान घातली. म्हटलं, "मी. पण माझा हात जड आहे."

"उठ," ती म्हणाली. "जा तुझ्या जागेवर."

मी जाऊन बसले. सुबल बाजूला उभे. पहिल्यांदा तर धोटा मध्येच अडकला. मग दोरी ओढली, फणी मारली, दोरी ओढली, फणी मारली, आणि हळूहळू हात रोजच्या चालीवर आले. भिंतीपलीकडून काही कळत नव्हतं. मी विणत राहिले. मनातल्या मनात देवाशी भांडत होते की माझ्याकडून घे काय घ्यायचं ते, पण म्हातारीचं तिला परत दे. पलीकडे सगळं शांत. पदराची किनार सुरू झाली तरी शांतच. मला वाटलं, आता उठावं आणि सलाईनची तयारी करावी.

तेवढ्यात सूत तुटलं. माग थांबला.

आणि भिंतीपलीकडून खोकला आला. कोरडा, एकच.

मी सुबलकडे पाहिलं. ते तोंडावर हात दाबून उभे होते. मला सुताची टोकं दिसेनात, इतकं डोळ्यांत पाणी होतं. कशीबशी गाठ मारली आणि पुन्हा धोटा सोडला, आणि पलीकडची ती बाई गप्प झाली. जप संपेपर्यंत मी उठले नाही. मग गुरुमाची हाक आली, पाणी आण म्हणून.

मा घोट घोट पाणी प्यायली. तिच्या पायाशी बसून मी विचारलं, इतकी वर्षं ती खोकायची ते याच्यासाठी का.

"तू थांबलीस की मी पण थांबायचे," ती सावकाश म्हणाली. "मध्येच पायाखालचं कोणी काढून घेतल्यासारखं व्हायचं."

"आणि रोज म्हणायचीस, हात जड आहे."

"आहेच जड. तुझ्या सासऱ्यांचा इतका हलका, मला कान लावून बसावं लागायचं. तुझा भिंतीतून पोचतो." तिनं पेला माझ्या हातात दिला. "आता जा, भात टाक. पातळ करू नकोस, बापासारखा."

गुरुमा पोट धरून हसली. दुपारी पुन्हा दोनदा भात घेतला आणि होडीनं परत गेली. मला काही शिकवलं नाही, कानातही काही सांगितलं नाही. मी विचारलं होतं, मला कधी देणार मंत्र? म्हणाली, हिच्या जपाला हात तर आधीच लागलाय तुझा, घाई काय आहे.

आता सकाळचा माग कोणालाही देत नाही. सुबलनी एकदा म्हटलं, तुझी कंबर दुखते तर हाराधनकाकांच्या सुनेला बसवू. मी त्यांना हाटात पिटाळलं. आणि सूत तुटलं की गाठ मारायला मी मुद्दाम जरासा उशीर करते. अगदी जरासा. खोकला ऐकला की धोटा सोडते.