रविवारचा बर्फ

डान्यूब नदी गोठू लागली की उर्सा दिवसातून दहादा काठावर येऊन बघायची. पलीकडच्या काठावर रुगी टोळ्यांच्या शेकोट्या पेटलेल्या होत्या. रोमन ठाण्याचे शिपाई रोज दुपारी अलीकडच्या काठालगतचा बर्फ फोडत. तेवढी वाहत्या पाण्याची पट्टी राहिली तर घोडे अलीकडे येत नसत. रोमहून कुमक येणं कधीच थांबलं होतं.

आज मात्र प्रभूचा वार, रविवार; काम करणं पाप. दिवस कलला तरी कुऱ्हाडी ठाण्याच्या भिंतीशीच होत्या.

"गौदेंतियस, बाबा, आज तरी फोडा," उर्सा ठाणेदाराला म्हणाली.

"मावशी, मागच्या रविवारी माझा शिपाई जोडा शिवत होता, तर त्याला केवढं झापलंस!"

"तेव्हा इतकी थंडी नव्हती रे."

"मग काय, थंडी बघून देवाचा कायदा बदलतो? मठातल्या बाबांनीही सांगितलंय, देवावर भरवसा ठेवा."

ती घराकडे वळली. शब्द तिचेच होते.

घरी तिची लेक पातेर्ना पहाटेच बाळंत झालेली. तिला उठवतही नव्हतं, मग पळणार कुठून? बाळाचा अजून बाप्तिस्माही झाला नव्हता.

"आई, घोडे खिंकाळतायत का गं?"

"वारा आहे. नीज तू."

नवरा गेल्यापासून उर्सानं रविवारी सुईसुद्धा धरली नव्हती. ठाण्यावर परत येऊन तिनं भिंतीजवळची एक कुऱ्हाड उचलली.

काठावर तिनं कपाळी क्रूस काढला. 'देवा, व्रत मोडतेय. जी शिक्षा असेल ती मला दे, त्या लेकराला नको.'

पहिल्या घावाला नुसता चुरा उडाला. तिनं मान वर केली. नदीच्या मध्यावर एक रुगी घोड्याला लगामानं ओढत, भाल्यानं बर्फ ठोकत पायी येत होता. मागे आणखी माणसं थांबली होती. ती घाव घालत राहिली. अखेर फटीतून काळं पाणी वर आलं.

"सरक मावशी." मागून गौदेंतियसचा आवाज. "व्रतवालीच बाटली, आता आम्ही कुणाच्या धाकानं बसायचं?" त्याच्यामागे सगळे कुऱ्हाडी घेऊन उतरले.

पाण्याची पट्टी मोकळी झाली तेव्हा तो माणूस तिच्या पलीकडे येऊन थांबला. दाढीवरचे हिमकण दिसावेत इतका जवळ. उर्साला वाटलं, आता वळेल. पण त्यानं घोंगडं अंथरलं आणि तो निवांत बसून राहिला.

उर्सानं खाली पाहिलं. नुकत्याच फोडलेल्या पाण्यावर बर्फाची पातळ साय धरू लागली होती. तिनं पुन्हा कुऱ्हाड उचलली.