दारावरचे खोटे घाव

मित्रांनो, मी एक जुने दार आहे. सध्या मला एका चित्रपटगृहाच्या प्रवेशापाशी उभे केले आहे. अंगावर दिवे सोडले आहेत. लोक माझ्यावरच्या कुऱ्हाडीच्या घावांत बोटे घालून फोटो काढतात. पण देवाशपथ सांगायचे तर मला कुऱ्हाड कधी लागलीच नव्हती.

मोडीत निघालेल्या जहाजाच्या फळ्यांतून माझा जन्म झाला. ज्या सुताराने मला घडवले, तोही असाच एका जहाजातून उपाशीपोटी या शहरात आलेला. त्याने मला एका तळघराच्या खोलीला बसवले. त्या एका खोलीत तीन बिऱ्हाडे होती आणि माणसे पाळ्या लावून झोपत. गोदीतला हमाल उठला की रात्रपाळीचा भट्टीवाला त्याच्याच अंथरुणात शिरे. सारखी येजा असल्यामुळे दिवसा माझा अडसर कधी लागत नसे. पायरीवर पाऊल वाजले, की आतली धुणेवाली मान वर न करताच म्हणे, "ये. अंथरूण गरम आहे, ताट झाकून ठेवलंय."

हातातोंडाची गाठ पडायची मारामार, पण ताट झाकलेले असायचेच.

गल्लीत मात्र दोन टोळ्यांचे वैर होते. एक आधी आलेल्यांची, दुसरी मागून आलेल्यांची. गोदीतले काम कोणी करायचे, एवढ्यावरून सुरे निघत. चुली दोन्हीकडच्या विझलेल्या, आणि राख एकमेकांच्या डोळ्यांत!

एका दुपारी अशीच लढाई पेटली. धुणेवाली पिळे पिळत होती. तिची लहानगी लेक तान्ह्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. पायरीवर पाऊल वाजले आणि सवयीने धुणेवाली म्हणाली, "ये."

मला लोटून आत आला तो परक्या टोळीतला तरणा गडी. त्याचा हात पोटावर दाबलेला आणि बोटांतून रक्त येत होते. धुणेवालीने त्याच्याकडे पाहिले, एक निःश्वास टाकला आणि भरदिवसा अडसर लावला.

मागोमाग तिच्याच लोकांचा म्होरक्या आला. त्याला सगळे दादा म्हणत. तो मुठीने मला ठोकू लागला.

"वहिनी, बाहेर काढ त्याला!"

"दादा, 'ये' म्हणून बसले मी. आता 'जा' कसं म्हणू?"

"तो आपला नाही!"

"रक्त तर आपल्यासारखंच सांडतोय मेला. आत्ताच पुसली होती जमीन."

दादाच्या हातात कुऱ्हाड होती. पण त्याने ती उचलली नाही. तो माझ्यावर थुंकला, म्हणाला, "घरभेदी कुठली!" आणि निघून गेला.

तो गडी वाचला, पण तो शब्द तिला चिकटला. धुणे मिळायचे बंद झाले. नळावरची पाळी गेली. त्या थंडीत तान्हा गेला, तेव्हा पोचवायला गल्लीतले एकही माणूस आले नाही. ज्याच्या दारी परक्याला आसरा मिळतो त्याच्या घरी देव उतरतो म्हणतात. उतरला असेलही, पण गल्लीने काही पाहिले नाही. ती मेली तीही घरभेदी म्हणूनच.

तिची लेक म्हातारी झाली. त्या काळावर चित्रपट काढणारे आले, तेव्हा तिने मला फुकट देऊन टाकले. मागणे एकच होते, "माझी आई घरभेदी नव्हती, एवढं दाखवा." दिग्दर्शकाने हात जोडून सगळे ऐकले. माणूस वाईट नव्हता. "पण आजी, बंद दारामागं बसलेल्या बाईत लोकांना काय दिसणार हो?" म्हणाला. मग त्यांच्या सुताराने माझ्यावर हे घाव कोरले आणि त्यांत काजळी भरली.

पहिल्या खेळाला आजी नातीचा हात धरून आली. खेळ सुटला.

"काय भारी दाखवलंय ना! ती गटारं, ते उंदीर, दादाची ती लढाई!" नात म्हणाली.

"गटार खरं आहे बाई. भूकही खरी." आजी भिंतीला टेकली. "पण सिनेमात दार फुटल्यावर माझी आई बोट करून दाखवते, तो बघा, तिथं लपलाय म्हणून. असं का गं केलं त्यांनी?"

"सिनेमा आहे आजी. कोण लक्षात ठेवतंय?"

आजी माझ्याजवळच्या पहारेकऱ्याकडे गेली. "हे घाव खोटे आहेत हो."

"आजी, जरा बाजूला व्हा. फोटोत येताय."

आजी बाजूला झाली.

पुढे आजी वारली. मागच्या आठवड्यात नात एकटीच आली. घावांखालच्या कोऱ्या लाकडावर तळवा ठेवून ती हळूच म्हणाली, "आजी सारखी सांगायची, मी नुसतं हं हं करायचे. पणजीनं नक्की काय केलं होतं?" माझी फळी न फळी ओरडत होती. पण लाकडाचे ओरडणे कोणाला ऐकू येते?

मित्रांनो, जुन्या काळाचे चित्रपट जरूर पाहा. त्यातले दारिद्र्य पाहा, मारामाऱ्याही पाहा. पण घरी गेलात की आपल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, "तुमच्या घरी काय घडलं होतं?" ते माणूस आहे तोवर विचारा. मागाहून दारे बोलत नाहीत.