वाटेत न थांबता

"सरळ घे," मागच्या सीटवरून साहेब म्हणाले.

मेलेन्सियोने वळायचा दिवा लावला होता. व्हॅनचं तोंड सेपाच्या बेकरीकडे वळायलाही लागलं होतं. तो आरशात बघून म्हणाला, "साहेब, एकच पाव. उभ्या उभ्या खाऊ आणि निघू."

"अरे, सकाळपासून पावच खातोय मी. माझं पोट आहे की सेपाचं गोदाम?"

साहेबांशेजारी बसलेली त्रिना हसली. साहेबांचे फोटो काढायचे आणि गावभर फोनवर पाठवायचे, हे तिचं काम. "काका, उशीर झालाय. आणि असलं आता कोण मानतं?"

मेलेन्सियोने दिवा बंद केला आणि गाडी सरळ घेतली. बेकरीच्या फळीमागून सेपा मान लांब करून बघत होती.

सान तेल्मो गावात मयताच्या घरून कुणी थेट कुणाच्या घरी जात नाही. वाटेत कुठेतरी टेकायचं, काहीतरी तोंडात टाकायचं, चार शब्द बोलायचे. मागे कुणी आलंच असेल, तर ते तिथल्या माणसांत रमतं, वाट चुकतं आणि आपण सुटतो. शिकलेले लोक याला हसतात खरे, पण थांबतात तेही.

आणि नगराध्यक्षपदाचे उमेदवार ऑरेलियो माग्तिबाय यांच्याइतका मयताच्या घरी जाणारा माणूस त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. आधी त्यांचं पुष्पचक्र पोचायचं, फितीवर त्यांचं नाव मयताच्या नावापेक्षा मोठं. मग स्वतः साहेब. शवपेटीच्या काचेवर हात ठेवून डोळे मिटायचे, म्हाताऱ्या आईला जवळ घ्यायचे आणि खरंच गहिवरायचे. मरायचंच तर निवडणुकीत मरावं, माग्तिबाय येऊन रडून जातात, अशी थट्टा चालायची. पण मत त्यांनाच, यात कुणाला शंका नव्हती.

त्यांच्याविरुद्ध उभी होती नेनिता बागास्बास, बाजाराच्या तोंडाशी पंक्चर काढणारी विधवा. तिचे फलक हाताने रंगवलेले, प्रचाराला नवऱ्याची जुनी मोटरसायकल. लोक तिच्याकडून हवा भरून घेत आणि वर तिला तोंडावर सांगत, मत मात्र माग्तिबायना. ती म्हणायची, "द्या की. चाक तर दाखवा आधी."

त्या दुपारी ते समुद्रात बुडालेल्या एका तरुण कोळ्याच्या घरून निघाले होते, आणि साहेबांना जायचं होतं मेलेन्सियोच्याच घरी. त्याची लेक लिगाया दिवस भरलेली होती. जावई दूर कुठल्याशा जहाजावर. लिगायाच्या बाळाचा धर्मपिता मीच होणार, असं साहेबांनी जाहीर करून टाकलं होतं. हे नुसतं राजकारण नव्हतं. मेलेन्सियोची बायको शेवटच्या दुखण्यात होती, तेव्हा साहेबांनीच शब्द टाकून मोठ्या इस्पितळात खाट मिळवून दिली होती आणि त्याच्याबरोबर बाकावर बसून राहिले होते. ते मेलेन्सियो विसरला नव्हता. म्हणून तर त्याने बेकरीपाशी हट्ट धरला नाही.

लिगाया दारात आली. बापाच्या कपड्यांना मेणबत्त्यांचा आणि फुलांचा वास येत होता. तिने दार अर्धवट धरलं आणि हळूच विचारलं, "बाबा, थांबला होतात ना वाटेत?"

साहेब पायरीवर बूट काढत होते. मेलेन्सियोने त्यांच्याकडे बघितलं, मग लेकीकडे. आणि मान हलवली. हो म्हणून.

तिने दार पूर्ण उघडलं.

"कुठाय माझा मतदार?" साहेब हसत आत शिरले. "काय रे, आतून ऐकतोस ना? नाव ऑरेलियोच ठेवायचं हं!" त्यांनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि त्रिनाने फोटो काढला. फोटो छान आला. त्यात सगळे हसत होते, फक्त मेलेन्सियो कडेला अर्धा कापला गेला होता.

त्याच आठवड्यात बाळ जन्मलं आणि रडलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाळेचा वेढा बसला, कुणाच्या हातात काही नव्हतं. त्यांनी मेलेन्सियोला बाजूला घेऊन नीट समजावलं, आणि त्याला ते समजलंही. पण गाडीत बसला की त्याला आरशात मधल्या सीटवर कुणीतरी दिसायचं. ओले केस, खाली घातलेली मान. काही बोलायचं नाही, काही मागायचं नाही. मागे वळून बघावं तर सीट रिकामी. तरी तो दर वेळी फडकं घेऊन ती सीट पुसायचा, आणि फडकं कोरडंच निघायचं.

सेपाने काहीही पसरवलं नाही. व्हॅन थांबली नाही, एवढंच ती म्हणाली. बाकीचं काम त्रिनाचा फोटो करून बसला होता. तो प्रत्येकाच्या फोनवर आधीच होता. साहेबांच्या बाहीवर मेणाचा थेंब वाळलेला होता. तो लोकांनी दोन बोटांनी मोठा करून करून बघितला.

त्यानंतर साहेब गल्लीत शिरले की बायका तान्ह्या पोरांना उचलून आत नेऊ लागल्या. भांडायला कुणी आलं नाही. "साहेब, घरात पसारा आहे, इथं बाहेरच बोलू या," असं म्हणत लोक दार मागे ओढून घ्यायचे. तरीही गाव वाईट नव्हतं. माणूस आहे, चुकला, असंच बहुतेक जण म्हणत होते. येईल, पोरीजवळ बसेल, मिटून जाईल.

मेलेन्सियो रजा मागायला कचेरीत गेला. ओट्यावर पुष्पचक्र तयार होतं.

"काका, आलाच आहात तर हे पण न्या ना," त्रिना खाली बघत म्हणाली. "गाडी चालवायला दुसरं कुणीच नाहीये."

त्याने फितीवरचं नाव वाचलं. माग्तिबाय, मोठ्या सोनेरी अक्षरांत. खाली बारीक अक्षरांत, बाळ ऑरेलियो.

साहेब आतून आले आणि त्याला मिठीच मारली. त्यांचे डोळे भरलेले होते, ते खोटं नव्हतं. "मेलेन्स, मला यायचंय रे. पण सगळे म्हणतात, मी आलो तर लोकांच्या बोलण्यावर शिक्काच बसेल. तू घरचा माणूस आहेस. तू समजून घेशील."

"हो साहेब."

"सगळ्यात मोठं चक्र सांगितलंय मी."

ते खरंच मोठं होतं. घरी पांढऱ्या पेटीशेजारी उभं केलं तर पेटी दिसेनाशी झाली. खाटेवर बसलेली लिगाया बराच वेळ त्या फुलांकडे बघत राहिली.

"बाबा, हे बाहेर ठेवा," ती म्हणाली. "बाळ दिसत नाहीये."

दुसऱ्या दिवशी दुपारी नेनिता आली. एकटीच, रबरी चपला, नखांत काळं. तिने पेटीत डोकावून बघितलं, लिगायाच्या केसांवरून हात फिरवला आणि मयताला सोबत म्हणून कोपऱ्यात पत्ते खेळत बसलेल्यांत जाऊन बसली. कॉफी प्यायली. एक डाव हरली आणि पानं टाकता टाकता शेजाऱ्याला म्हणाली, "लबाडा, बघतोस माझी पानं!" निवडणुकीचं एक अक्षर काढलं नाही. उठताना कुणी तिला दारापर्यंत पोचवायला गेलं नाही, मयताच्या घरी ते चालत नाही. ती आपली आपणच निघाली. अंगणात मेलेन्सियो उभा होता.

"व्हॅनचं पुढचं डावं चाक बसलंय," ती म्हणाली. "सवडीने आण."

मग ती सेपाच्या बेकरीवर थांबली, एक पाव सावकाश खाल्ला आणि घरी गेली. हे गावाला तिने चपला काढायच्या आत कळलं.

मतदानाआधीच्या शेवटच्या सभेला साहेबांनी मेलेन्सियोला बोलावून घेतलं. व्यासपीठामागे त्याचा हात हातात धरून ते म्हणाले, "एवढंच सांगायचं. आम्ही थांबलो होतो, सेपाला नीट दिसत नाही. बस. तुझ्याच नातवाची गोष्ट आहे, तुला कोण खोटं म्हणेल?"

"साहेब, मला बोलता येत नाही."

"एक वाक्य, मेलेन्स. इतक्या वर्षांत मी तुझ्याकडे काय मागितलं?"

काहीच मागितलं नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती. मेलेन्सियो माईकपाशी गेला. बास्केटबॉलचं मैदान खुर्च्यांनी भरलं होतं.

"मी मेलेन्सियो. साहेबांची गाडी चालवतो," तो म्हणाला. हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने घसा खाकरला. "आम्ही थांबलो नाही. सेपा म्हणते ते खरं आहे. पण चाक माझ्या हातात होतं. मी थांबवायला हवी होती गाडी. पोरीने दारात विचारलं, थांबलात ना, तर मी हो म्हटलं. माझ्या शब्दावर तिने दार उघडलं. साहेबांना बोल लावू नका. चूक माझी आहे."

मैदानावर एक पोर खोकलं तेही ऐकू आलं. साहेब पुढे आले. अनोळखी मयताच्या काचेवर ठेवत आले तोच हात त्यांनी आता ह्याच्या खांद्यावर ठेवला असता, तरी पुरलं असतं. लोक खरोखर त्याचीच वाट बघत होते. साहेबांनी हात पुढे केला आणि माईक घेतला.

"ऐकलंत ना?" ते मोठ्याने म्हणाले. "ड्रायव्हरने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं!"

आणि ते टाळ्यांसाठी थांबले.

मागच्या रांगेत एक खुर्ची सरकली. मग दुसरी. दोन म्हाताऱ्या बहिणी उठल्या आणि एकमेकींचा हात धरून वाटेला लागल्या. "चल गं, घरी जाऊ," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "थेट नको. आधी सेपाकडे." हे ऐकून कुणी हसलं नाही. लोक तसेच मुकाट्याने उठत गेले आणि मयताच्या घरून निघाल्यासारखे एकामागून एक बेकरीवर थांबले. सेपाचे पाव संपले, तेव्हा तिने शिळे काढले. तेही संपले.

नेनिता निवडून आली. साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही की नेमकं काय झालं. लोक अजून भुताखेतांना मानतात, असं ते नंतर पाहुण्यांना सांगत. मेलेन्सियोने व्हॅन धुतली, मधली सीट एकदा पुसली आणि किल्ल्या कचेरीत ठेवून आला. लिगाया त्याला वेळेवर जेवायला वाढायची, कपडे धुवायची, पण सभेच्या दिवसापासून त्याच्याशी बोलली नव्हती.

चाळिसाव्या दिवशी आत्मा माणसांतून कायमचा निघून जातो म्हणतात. त्या सकाळी मेलेन्सियो शेजाऱ्याची तीनचाकी, मोटरसायकलला बाजूची सीट जोडलेली, मागून घेऊन दफनभूमीत गेला. लहानशा क्रुसापाशी मेणबत्ती लावली, गवत उपटलं आणि ऊन चढेपर्यंत तिथेच बसून राहिला. निघताना त्याने बाजूच्या सीटवरची धूळ बाहीने पुसली आणि तिच्यापुढचा पडदा वर गुंडाळला. मग, कुणी चढायचं असावं तसा, जरा थांबला. मोटर सुरू केली ती नंतर.

रस्त्यात खड्डे होते. तो एरवी चालवायचा त्याच्या निम्म्या वेगानेही चालवत नव्हता. एकेक खड्डा चुकवत, उतारावर ब्रेक दाबत दाबत. सेपाने लांबूनच ओळखलं आणि ओरडली, "मेलेन्स, आत्ताच निघालेत, गरम आहेत!"

त्याने हात हलवला आणि तो सरळ गेला.

लिगाया दारात उभी होती. त्याच्या कपड्यांना मेणाचा वास होता. तिने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या मागच्या रिकाम्या तीनचाकीकडे.

"बाबा," ती म्हणाली, "थांबला होतात वाटेत?"

"नाही," मेलेन्सियो म्हणाला. "कुठंच नाही."

तिने दार पूर्ण उघडलं. तो आत आला, चपला काढल्या, पाणी प्यायला, तरी ती तिथेच बाजूला सरून उभी होती. दार तिने बऱ्याच वेळाने लोटलं.