मागच्या बाकावरचा कंपोझिटर

राजाराम परबांनी गिरगावातल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. नाटकं, कादंबऱ्या, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं. पण गोष्ट म्हणून त्यांनी त्यातलं काहीच वाचलं नव्हतं. "कंपोझिटरला अक्षर दिसतं, वाक्य दिसत नाही," असं ते म्हणत. चौपन्न साली त्यांचे डोळे इतके अधू झाले की खिळासुद्धा दिसेना, आणि लालबागच्या चाळीतल्या खोलीत ते बसून राहिले.

त्यांची धाकटी मुलगी नलू तेव्हा कमर्शियल आर्टच्या वर्गाला होती. छप्पनच्या फेब्रुवारीत तिच्या मास्तरांनी एक काम दिलं. एका नव्या कथासंग्रहाचं मुखपृष्ठ करायचं. संग्रहाचं नाव 'उरलेली दुपार'. मास्तर म्हणाले, "आधी पुस्तक समजून घ्या, मग ब्रश उचला." त्यांचे एक स्नेही गिरगावातल्या कॉलेजात आधुनिक साहित्य शिकवत. चार शनिवार ते याच संग्रहातल्या कथा शिकवणार होते; त्यांच्या तासाला जाऊन बसायचं, असं ठरलं.

जानेवारीतला गोळीबार होऊन महिनाच झाला होता. भिंतींवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' अजून ओलं वाटावं इतकं ताजं होतं. नलूच्या आईने, सुंदराबाईंनी, मुलीला एकटीला सोडायला साफ नकार दिला.

"मी जातो गो तिच्याबरोबर," राजाराम म्हणाले.

"तुम्ही तिला सांभाळणार की ती तुम्हाला?"

"दोघं एकमेकांना सांभाळू."

पहिल्या शनिवारी नलूने त्यांना ट्राममधून हाताला धरून उतरवलं आणि वर्गाबाहेरच्या बाकावर बसवलं. आत गेल्यावर तिचं मन मात्र बाहेरच होतं. बाबांचं जुनं धोतर, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवरची छत्री. येणारीजाणारी मुलं बघत असतील. आपल्याला संकोच वाटतोय, याचीच तिला लाज वाटली.

दुसऱ्या शनिवारी प्राध्यापक सरदेसाई खिडकीशी थांबून म्हणाले, "आपण बाहेर का? ऐकताय तर आत येऊन बसा की."

राजाराम उठले, दार चाचपत आत आले आणि शेवटच्या बाकावर टेकले.

त्या दिवशी सरांनी संग्रहातली एक कथा वाचून दाखवली. एक कारकून निवृत्त होतो. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी कपडे करून बाहेर पडतो, दिवसभर कुठेतरी बसतो आणि संध्याकाळी घरी येतो. बायको चहा पुढे ठेवते. संपली कथा.

वर्गात चुळबुळ झाली. एक मुलगा म्हणाला, "सर, यात घडलं काय? नुसता गेला आणि आला."

सरांनी सगळीकडे पाहिलं. "कुणाला वाटतं काही घडलं?"

मग मागून राजारामांचा आवाज आला. "तिनं विचारलं नाही."

"म्हणजे?"

"कुठे होतात, असं विचारलं नाही. तिला ठाऊक होतं, साहेब. विचारलं असतं तर त्याला खोटं बोलावं लागलं असतं." मग हळूच म्हणाले, "चुकलं असेल तर माफ करा."

सर म्हणाले, "नाही. चुकलं नाही."

परतताना ठाकूरद्वारच्या कोपऱ्यावर ट्रामची वाट बघत नलूने विचारलं, "बाबा, तुम्हाला ते कसं कळलं?"

"मी पण गेलो होतो ना," राजाराम म्हणाले. "छापखाना सुटल्यावर महिनाभर. रोज सकाळी निघायचो. दुपारी राणीच्या बागेत बसायचो. तू शाळेत असायचीस, तुला काय कळणार?"

"आणि आईला?"

"डबा तीच भरून देत होती."

नलूने त्यांचा हात घट्ट धरला, आणि गर्दीचं निमित्त करून घरापर्यंत सोडला नाही.

त्या आठवड्यात तिने मुखपृष्ठासाठी आधी काढलेली दोन्ही चित्रं बाजूला काढली. एकात खिडकी होती, एकात रिकामा रस्ता. नव्या कागदावर तिने फक्त नाव काढलं, काळ्या शाईत, कडेपासून कडेपर्यंत. अक्षरं एवढी मोठी की मागची पिवळी जमीन मधूनमधूनच दिसावी. मग तिने कागद बाबांच्या हातात दिला आणि त्यांना गॅलरीच्या उजेडात नेलं.

राजारामांनी कागद दूर धरला, जवळ आणला, तिरपा केला. ओठ हलले. "उ... र... ले... ली," त्यांनी वाचलं, आणि पुढचा शब्द एका दमात, "दुपार." दोन वर्षांत स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं ते पहिलंच काही होतं. मग म्हणाले, "दुसऱ्या ल ची गाठ पहिल्यापेक्षा जाड झाली आहे गो. एका घरातले वाटत नाहीत."

नलूने ती पिवळ्या रंगाने तासली.

मास्तरांनी विचारलं, "अक्षर एवढं मोठं का? चित्रच नाही."

"माझ्या वडलांना वाचता यावं म्हणून," नलू म्हणाली.

मास्तरांनी कागदाकडे पुन्हा पाहिलं. पुस्तकासाठी दुसऱ्याच एका मुलाचं चित्र निवडलं गेलं. त्यात कारकून होता, टोपी होती, सारं नीट होतं. नलूचा कागद सरदेसाईंनी मागून घेतला आणि आपल्या वर्गात फळ्याशेजारी लावला.

चार शनिवार संपले तरी राजाराम जात राहिले. जूनमध्ये नवी मुलं आली, तेव्हा सरांनी त्यांची ओळख करून दिली, "हे परबकाका. यांनी माझ्या जन्माआधीपासून मराठी साहित्य जुळवलंय. आता वाचायला आलेत." मुलं सरकली आणि त्यांना पहिल्या बाकावर जागा झाली.