आडवी सुई, उभी सुई

मित्रांनो, मी विणकामाची एक जुनी पोलादी सुई आहे. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात माझं आयुष्य गेलं. स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. आम्ही दोघी सुयांनी कितीतरी स्वेटर विणले, पण कौतुक झालं ते नेहमी लोकरीचं.

माझी मालकीण सिग्नी. वर्गातसुद्धा विणायची आणि हात थांबले की मला अंबाड्यात खोचायची. गणिताच्या तोंडी परीक्षेलाही मी तशीच गेले. पास झाली तरच तिला नौकानयनाच्या शाळेत जागा मिळणार होती. 

बाहेरून आलेल्या परीक्षक ओडवाइग यांनी फळ्यावर कुशीवर कलंडलेल्या वाटीसारखी रेषा काढली. “हा आलेख फलनाचा, म्हणजे फंक्शनचा, आहे का?”

सिग्नीनं मला उपसलं आणि विणताना धरते तशी आडवी धरली. मी रेषेला एकाच जागी लागले.

“आहे! एकदाच लागते.”

“नक्की?”

अगं, उभी धर मला! पण सुईचं कोण ऐकतं? मी तिच्या बोटांत नुसती तळमळत राहिले.

तेवढ्यात तिचे शिक्षक ऑस्मुंड म्हणाले, “सिग्नी, समज, आडव्या अक्षावर वेळ आहे आणि उभ्या अक्षावर पाण्याची उंची. चार वाजता धक्क्यावर पाणी किती?”

तिनं खिडकीतून पाण्याची उंची दाखवणाऱ्या खुणांच्या खांबाकडे पाहिलं. तो सरळ उभा होता.

“एका वेळी दोन उंच्या सांगितल्या, तर बोट हाकणारे बाबा मलाच पाण्यात ढकलतील!” म्हणत तिनं मला उभी केली. मी रेषेला दोन जागी लागले. “फलन नाही! तीच उंची दिवसात पुन्हा आली तर चालेल. पण एका वेळेला उत्तर एकच हवं.”

ती पास झाली. आनंदाच्या भरात तिनं ऑस्मुंडना मिठी मारली, मला खडूंच्या फळीवर ठेवलं आणि धावत सुटली. पानगळीत ती बोटीनं नौकानयनाच्या शाळेत गेलीसुद्धा, मी मात्र फळीवरच राहिले.

आता दरवर्षी नवी मुलं मला आधी आडवीच धरतात, मग चुकतात, मग उभी करतात. जिन्यावर पाऊल वाजलं की अजून मला वाटतं, तीच आली. मित्रांनो, उत्तर देण्याआधी मला उभी धरा. आणि उत्तर सापडलं की मला घरी न्यायला विसरू नका. तिच्या घरी माझी जोडीदारीण अजून अर्धवट विणलेल्या बाहीत अडकून पडली आहे.