पाटाच्या टोकाचे शेत

नाचणीचा गोळा सारात निवत होता, पण मादय्याचा हात ताटाकडे जाईना.

"घास गिळा आधी," चिक्कतायी म्हणाली. "रंगेगौडांना आज होकार द्यायचाय. तळ्याच्या मोरीला लागून असलेलं शेत आयतं चालून आलंय, आणि नवरा माझा सुतक्यासारखा बसलाय!"

मादय्या गावतळ्याचा पाटकरी होता. कोणाच्या शेतात किती वेळ पाणी सोडायचे, हे तोच ठरवी. जुन्या रीतीप्रमाणे पाटकऱ्याचे शेत पाटाच्या अगदी टोकाला असे. तळ्याचे पाणी जिथून पाटात सुटे, त्या मोरीजवळची बहुतेक शेते गावचे पाटील रंगेगौडांची. त्यांतले एक देऊन मादय्याचे टोकाचे शेत घ्यायला ते तयार होते. यंदा तळे निम्मेच भरले होते आणि टोकाचे भातपीक पिवळे पडू लागले होते.

तो न जेवताच उठला आणि पाटाच्या कडेने थेट टोकापर्यंत गेला. शेजारच्या वाफ्यात निंगज्जी तण काढत होती.

"काय रे पाटकऱ्या, निघालास आम्हाला सोडून?"

"अज्जी, शेत बदललं म्हणून मी बदलेन का? पाणी शेवटपर्यंत पोचवीन. शपथ घेतो!"

"शपथेनं भात पिकत नाही. गेल्या साली तापानं फणफणत इथवर आलास, वाटेत गौडाच्या गड्यांनी घातलेला बांध फोडलास. खरं सांग, कोणासाठी?"

'गावासाठी' हा शब्द त्याच्या ओठांवर आला आणि तिथेच अडला.

"माझ्या भातासाठी," तो पुटपुटला.

"झक्क केलंस! त्याच पाण्यावर आम्ही अकरा घरं जेवलो. चांगलं शेत देऊन वाईट घ्यायला गौडा काय खुळा आहे? त्याला तुझं शेत नकोय बाबा, तुझं इकडे येणं नकोय!"

"यात तुझाही स्वार्थ आहेच की, अज्जी."

"आहे तर! मग काय उपाशी मरू?"

मादय्या तडक चावडीवर रंगेगौडांकडे गेला.

"गौडरे, अदलाबदल नको. माझा माझ्यावर भरवसा नाही."

गौडा खो खो हसले. "ऐका! पाटकरीच असं म्हणतोय!"

"म्हणूनच वाडवडिलांनी आम्हाला टोकाला बसवलं!" मादय्या म्हणाला.

गौडांचे हसू मावळले.

बंधूंनो, चांगुलपणा मोलाचा खरा. पण तोही थकतो, त्यालाही डुलकी लागते. म्हणून त्याला एकट्याला पहाऱ्यावर ठेवू नये. समाजाची घडी अशी बसवावी, की स्वतःच्या पिकासाठी धावणाऱ्याच्या पाण्याने वाटेतले प्रत्येक शेत भिजावे!